मुऱ्यांचे पाणी

मुरी ही पाहण्यासाठी पाळायची मासळी नव्हे. दिवसाचा बहुतेक वेळ ती दिसतच नाही. करंगळीएवढी लांब, मातकट पिवळी, कुशीवर काळपट ठिपक्यांची ओळ आणि तोंडाभोवती बारीक मिशा, असे तिचे रूप. पऱ्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या लहान ओढ्याच्या तळाशी ती वाळूत अंग पुरून बसते. वर दिसतात ते केवळ दोन डोळे. अशी मासळी काचेच्या पेटीत घालून घरी ठेवावी असे ज्याच्या मनात येते, तो माणूस एक तर फार हौशी असावा, किंवा घरी राहण्यास त्याच्याजवळ फार थोडे दिवस असावेत. माझ्या यजमानांच्या बाबतीत दोन्ही खरे होते.

ते मुंबईस एका कचेरीत कारकून होते. रत्नागिरीच्या घरी वर्षातून दोनदा येत. एकदा दिवाळीत आणि एकदा वैशाखात, पावसासाठी आगबोटी बंद होण्याआधी. घरी आम्ही दोघीच असू, सासूबाई आणि मी. मी मुलींच्या शाळेत शिकवीत असे. माझे वडील शिक्षक होते आणि मीही शिक्षिकेचेच शिक्षण घेतले होते, त्यामुळे कोणतीही गोष्ट नियमाने केली की ती नीट होते यावर माझा विश्वास होता. सून शाळेत जाते आणि सासू पाणी भरते, याबद्दल लोक बोलत. सासूबाई मात्र कधी बोलल्या नाहीत. विहीर त्यांची होती. ती खाली उतारावर, चार घरांत मिळून एक, जांभ्यात खोदलेली. मला त्या पोहऱ्याला हात लावू देत नसत. "तुझा पोहरा तिरका पडतो गो. अर्धं पाणी विहिरीलाच परत," असे म्हणत. मला ते सोयीचे होते, म्हणून मी कधी आग्रह धरला नाही. हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

तिसाव्या सालाच्या आसपासची ती दिवाळी. यजमानांनी मुंबईस आपल्या साहेबाच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत पोहणारे मासे पाहिले होते आणि ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हते. त्यांनी लोहाराकडून पट्ट्यांची चौकट करून घेतली, काचा कापून आणल्या आणि खडूची पूड व जवसाचे तेल मळून केलेल्या लांबीने त्या बसवल्या. पेटी पहिल्यांदा भरली तेव्हा तीन कोपऱ्यांतून गळली. दुसऱ्यांदा एकाच कोपऱ्यातून गळली. तिसऱ्यांदा पाणी ठरले, तेव्हा ते लहान मुलासारखे ओटीवर बसून नुसते पाणीच पाहत राहिले. मासे अजून यायचे होते.

पऱ्याचे पाणी तेव्हा ओसरू लागले होते आणि डबक्यांत मुऱ्या सापडत होत्या. त्यांनी सात आणल्या. पेटीत पऱ्याचीच वाळू, एक चपटा दगड आणि दोन पाणवनस्पती घातल्या. आमचे घर मासे खाणारे. त्यामुळे जो तो पाहायला येई तो एकच प्रश्न विचारी, यांचे कालवण कधी? शेजारच्या काकूंनी तर पदर तोंडाला लावून म्हटले, "एवढ्याशा मुऱ्यांचं तिखलं केलंत तर एकाच्या भाताला पुरायचं नाय, आणि त्यांना काचेचा बंगला!"

सासूबाई म्हणाल्या, "असूं दे. माझ्या झिलाला मुंबईत खोली मिळायची पंचाईत. निदान त्याच्या माशांना तरी बंगला मिळाला."

यजमान हसले, पण मला वाटते ते वाक्य त्यांना लागले. निघायच्या दिवशी त्यांनी आपल्या आईला सांगितले, "आये, यांना सांभाळ. मी वैशाखात येईन तेव्हा मला या जिवंत दिसल्या पाहिजेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शिकलेली आहेस. कसं करायचं ते तू बघ."

अशा रीतीने काम सासूबाईंचे ठरले आणि पद्धत माझी. त्यांच्या मुलाने त्यांच्याकडे काही मागितल्याचे मी तोपर्यंत पाहिले नव्हते. तो पैसे पाठवी, कापड आणी, औषध विचारी. मागत काही नसे. त्यामुळे बोट सुटल्यावर घरी परत येताच सासूबाई पहिल्यांदा पेटीपाशी गेल्या आणि मला म्हणाल्या, "हां, बोल. काय करायचं यांचं?"

मी विचार केला. माझ्याजवळ मासे पाळण्याचे कोणतेही ज्ञान नव्हते. परंतु ज्ञान नाही हे कबूल करणे शिक्षकाला जड जाते. मला आरोग्याचा धडा येत होता. तो मी दरवर्षी मुलींना शिकवीत असे: पिण्याचे पाणी रोज ताजे भरावे, शिळे टाकून द्यावे, भांडे आतून घासावे, बुळबुळीत थर राहू देऊ नये. आमच्या घरीच काय, सगळ्या आळीत सकाळी पहिले काम तेच असे; रात्रीचे पाणी झाडांना, भांडे राखेने लख्ख, मग नवे पाणी. माणसाला शिळे पाणी चालत नाही, मग जो जीव पाण्यातच राहतो त्याला ते कसे चालेल? हा तर्क मला इतका सरळ वाटला की तो तपासून पाहण्याची गरज भासली नाही. मी सांगितले, "आत्याबाई, रोज सकाळी सगळं पाणी बदलायचं. काचा आतून घासायच्या. वाळू धुवून पुन्हा घालायची."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी ते तंतोतंत पाळले. मी शाळेची तयारी करीत असे तेव्हा त्या आपल्या जुन्या लुगड्याचा पातळ तुकडा पेटीत सोडून एकेक मुरी धरीत आणि पातेल्यात ठेवीत. मुरीच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो. भ्याली की ती तो बाहेर काढते. तो कापडात अडकून बसे. मग त्या बोटांनी धरू लागल्या आणि तो बोटात रुते. त्यानंतर काथ्या आणि राख घेऊन काचा घासणे, सुपात वाळू धुणे, आणि विहिरीचे दोन हंडे पाणी. सगळे झाले की पेटी आरशासारखी दिसे. येणारेजाणारे थांबून पाहत. "काय स्वच्छ ठेवलंय हो!" असे म्हणत. मी शाळेतून आले की पेटीवरून बोट फिरवून पाहत असे; काच करकर वाजली की मला समाधान वाटे.

मुऱ्या मात्र करकरीत नव्हत्या. पौष सरता सरता त्या वारंवार वर येऊ लागल्या. तळापासून सुळकन वर, पृष्ठभागाशी तोंड उघडून एक घोट, आणि पुन्हा खाली. मागून दोन बुडबुडे. आज मला ठाऊक आहे की हा त्या मासळीचा स्वभावच आहे. ती हवा गिळते आणि आतड्यातून तिचा उपयोग करून घेते. म्हणून तर आटत चाललेल्या चिखलातही ती जगते. परंतु तेव्हा मला ते गुदमरणे वाटले. पाणी कोंदट झाले असावे, असा मी निष्कर्ष काढला आणि कोंदट हवेच्या खोलीला जो उपाय तोच येथे सांगितला: दिवसातून दोनदा बदला.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. "संध्याकाळीपण?"

"तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या."

हे वाक्य मी नम्रपणे उच्चारले होते. त्याचा अर्थ काय होता हे आम्हा दोघींनाही कळत होते. "जमत नाही" असे त्या आपल्या मुलाच्या मुऱ्यांविषयी कधीच म्हणाल्या नसत्या.

"न जमायला काय झालं," त्या म्हणाल्या.

माघात पहिली मुरी मेली. तिच्या अंगावरचा बुळबुळीतपणा गेला होता, कातडी पांढुरकी झाली होती आणि मिशा झिजून खुंटासारख्या उरल्या होत्या. सासूबाईंनी ती पेरूच्या झाडाखाली पुरली आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. रागाने नव्हे, शरमेने. त्यांना वाटत होते की आपल्या हातून काही राहिले. त्यांनी काचा अधिक घासल्या. पुढे शिमग्याच्या सुमारास दुसरी गेली आणि लगोलग तिसरी.

तोपर्यंत विहिरीचे पाणी खाली गेले होते. जांभ्याच्या विहिरींचे असेच असते. पाऊस संपला की त्या महिन्यामहिन्याने खोल होतात. पोहरा तळाशी पोचायला वेळ लागे, दोर हाताला काचे, आणि भरलेली कळशी घेऊन उतार चढायचा. सासूबाईंचे गुडघे आधीपासून दुखरे होते. आता त्या वर येताना मध्ये एकदा थांबत, कठड्याला हात लावून उभ्या राहत आणि कोणी पाहत असेल तर आकाशाकडे पाहिल्यासारखे करीत. मी खिडकीतून पाहत असे. त्यांना कळू नये म्हणून मी खिडकीपासून बाजूला होत असे. मदतीस जाण्यापेक्षा ते मला अधिक सभ्यपणाचे वाटे.

काकूंनी एकदा विहिरीवर सगळ्यांदेखत विचारले, "काय हो वैनी, अजून किती पाणी? मुऱ्या न्हायल्यात की नाय आज?"

"न्हायल्या. आता वेणी घालायची राहिलीय," सासूबाई म्हणाल्या. बायका हसल्या. त्या हंडा उचलून वर आल्या आणि ओटीवर टेकल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे झाले होते. मला पाहून म्हणाल्या, "चार राहिल्यात गो. चार तरी त्याला दाखवायला हव्यात."

चैत्रात त्यांचा उजवा गुडघा सुजला. पाय जमिनीला टेकवेना. वैद्यांनी लेप दिला आणि विहिरीवर जायचे नाही असे बजावले. मी शाळेच्या आधी आणि नंतर घरापुरते पाणी आणू लागले. माझा पोहरा खरोखरच तिरका पडत होता. दोन कळश्यांनीच माझे खांदे भरून येत. आणि ज्या पाण्याचा हुकूम मी बसल्या जागेवरून दिला होता, ते सगळे मिळून किती होते, याचा हिशोब माझ्या अंगाने पहिल्यांदा केला. मुऱ्यांचे पाणी बदलण्याचे त्राण माझ्यात नव्हते. सासूबाई माजघरात पडल्या पडल्या विचारीत, "बदललंस का गो?" आणि मी "हो" म्हणे. त्यांना पेटी तेथून दिसत नव्हती.

पेटीला हात लागेनासा झाला. काचांवर हिरवट साय धरली, वाळूत काडीकचरा साठला, एका बाजूने पाणवनस्पती माजली. उडून गेलेल्या पाण्याइतके पाणी मी वरून तांब्याने घालीत असे, इतकेच. ओटीवरून जाताना मी मान वळवीत असे, कारण चारही मुऱ्या मरून पडल्या असणार अशी माझी खात्री होती आणि ते आईला व मुलाला सांगण्याचे काम माझ्याकडे येणार होते.

एका तिन्हीसांजेला कंदील लावून मी तिकडे जाऊन पाहिले. चारही मुऱ्या बाहेर होत्या. एक काचेला पोट लावून हिरवी साय खरवडीत होती. दुसरी वाळूत तोंड खुपसून ती कल्ल्यांतून बाहेर सोडीत होती. त्यांच्या अंगावर पुन्हा तो ओलसर तकतकीतपणा आला होता. ठिपके उठून दिसत होते. एकीच्या मिशांना नवी, केसासारखी बारीक टोके फुटली होती.

मी कंदील खाली ठेवून पायरीवर बसले. मला आनंद व्हायला हवा होता. जो बुळबुळीत थर मी रोज काढवीत होते, त्यावर त्यांचे पोट भरत होते; जी घाण मी धुववीत होते, त्यात त्यांचे घर होते; राखेने त्यांची कातडी भाजत होती, आणि ते दोन वेळचे थंड नवे पाणी म्हणजे रोज दोनदा परमुलखात टाकण्यासारखे होते. तीन मुऱ्या आजाराने मेल्या नव्हत्या. त्या निगेने मेल्या होत्या. आणि ती निगा एका म्हाताऱ्या बाईने आपल्या गुडघ्यांवर, माझ्या शब्दाखातर वाहून आणली होती.

गुडघ्याची सूज उतरू लागली तशी मला निराळी भीती वाटू लागली. सांगितले नाही, तर त्या पुन्हा विहिरीवर जाणार, आणि वैद्य म्हणाले होते की या खेपेस पाय धरला तर सुटणार नाही. सांगितले, तर इतक्या महिन्यांची त्यांची मेहनत केवळ वाया नव्हे, तर उलटी गेली होती, हे सांगावे लागणार. शिक्षक म्हणून मला चूक दुरुस्त करायची सवय होती. परंतु ती नेहमी दुसऱ्याची असे आणि लाल शाईने होई.

एका सकाळी विहिरीवर जाण्यासाठी त्यांनी जुन्या धडप्याची चुंबळ वळायला घेतली, तेव्हा मी त्यांच्यापुढे बसले.

"आत्याबाई, मुऱ्यांचं पाणी बदलायला नको."

"का? मेल्या?"

"नाही. चांगल्या आहेत. तुम्ही पडल्यापासून मी बदललंच नाही."

त्यांचे हात थांबले. "तू तर हो म्हणत होतीस."

"खोटं म्हणत होते. आणि पाणी बदललं नाही म्हणूनच त्या सुधारल्या. रोज बदलायचं हे माझंच चुकलं होतं. तुमचं नाही."

त्या भिंतीला धरून उठल्या आणि पेटीपाशी गेल्या. बराच वेळ वाकून पाहत होत्या. हिरव्या सायीवर त्यांनी बाहेरून बोट लावले, पण घासले नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे मी घाशीत होते ती काच नव्हे. त्यांनाच घाशीत होते म्हण की."

"मी सांगितलं म्हणून."

"तू सांगितलंस गो. पण डोळे माझे होते की नाही? रोज हातात धरीत होते मी त्यांना. अंग खरखरीत लागत होतं. मला वाटलं, शिकलेल्या बाईला ठाऊक असेल." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि टोमणा असता तर मला बरे वाटले असते. त्यांनी विचारले, "मग आता सकाळी मी काय करू?"

मी म्हटले, "विश्रांती घ्या." इतके निरुपयोगी उत्तर मी वर्गात कोणत्याही मुलीला दिले नव्हते.

त्यांनी चुंबळ उलगडून दोरीवर टाकली. त्या दिवसापासून त्या पेटीकडे फिरकल्या नाहीत. मी भाताची शिते कुस्करून घालीत असे, कधी गांडुळाचे तुकडे. त्या तेव्हा मुद्दाम आत जात. पूर्वी पाणी बदलताना त्या मुऱ्यांशी हळू आवाजात काहीबाही बोलत, आगबोटीचे, हवेचे, मुंबईच्या महागाईचे. ते बोलणे बंद झाले. गुडघा बरा होत गेला. घर शांत झाले. मी जे जे योग्य ते केले होते, आणि प्रत्येक योग्य गोष्टीने त्यांच्याजवळचे काहीतरी कमी झाले होते.

वैशाखात यजमान आले. धक्क्यावरून घरी येताच वहाणांसकट पेटीपाशी जाऊन बसले. पेटी तेव्हा हिरवीगार, वनस्पतींनी भरलेली, आणि मुऱ्या चांगल्या जाड झालेल्या. "चार राहिल्या तरी पुष्कळ," ते म्हणाले. "साहेबाचे तर सगळे गेले. त्याचा नोकर रोज धुतो म्हणे पेटी."

सासूबाई भात वाढीत होत्या.

जेवताना त्यांचा तोच विषय चालला होता. "ही शिकलेली म्हणून निभावलं," ते आपल्या आईला हसत म्हणाले. "तुझ्या एकटीवर सोडलं असतं, आये, तर तू त्यांचं तिखलं केलं असतंस."

सासूबाई हसल्या. "केलं असतंच. तिनंच सांभाळल्यान हो, सगळं."

त्या मला वाचवीत होत्या की स्वतःला, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही नक्की सांगता येत नाही. तीन मुऱ्यांविषयी बोललो असतो, तर दोघींचीही चूक बाहेर आली असती. मी ताटाकडे पाहत म्हटले, "पाणी आत्याबाईंनी आणलं. रोज. गुडघा सुजेपर्यंत आणलं."

यजमानांनी मान वर करून आईकडे पाहिले, ममतेनेच पाहिले, आणि आमटी भातावर ओढून घेतली.

"पाणी तर ती आणतेच," ते म्हणाले.

पुढचे वाक्य माझ्याजवळ तयार होते. ते पाणी माझ्या हुकमाचे होते, त्याने तुमच्या तीन मुऱ्या मारल्या आणि तुमच्या आईचा पाय घेतला असता, हे ते वाक्य. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी थोडी, कोणाला दिसू नये इतकी मान हलवली. मग मुलाच्या ताटात आणखी भात वाढला, पाटाला हात टेकून सावकाश उठल्या आणि ताक आणायला आत गेल्या. मी बसून राहिले.